शपथेवरून ६ वर्षं संसदेच्या दारात अडवून ठेवलेला खासदार, ज्याच्या अंत्यविधीला गांधीजी गेले होते

निवडणुका झाल्या की शपथविधीचे व्हिडिओ फोनवर फिरायला लागतात. कुणी कुठल्या भाषेत शपथ घेतली, कुणी शेवटी कुठली घोषणा दिली, कोण वाचताना अडखळलं, सगळ्याची चर्चा होते. त्यात एक गोष्ट मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक आमदार-खासदार ईश्वरसाक्ष शपथ घेतात. पण अधूनमधून एखादा सदस्य देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, सही करतो आणि जाऊन आपल्या जागेवर बसतो. सभागृहात कुणी हूं की चूं करत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेत. हवा तो घ्या. त्यामुळे आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

पण सभागृह कसं चालवायचं हे आपण ज्या ब्रिटिश संसदेकडून बऱ्याच अंशी शिकलो, त्याच संसदेत या एवढ्याशा गोष्टीवरून सहा वर्षं रणकंदन झालं होतं. एका निवडून आलेल्या खासदाराला पोलिसांनी ओढत बाहेर काढलं. बिग बेनच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडून ठेवलं. लोकांनी त्याला परत निवडून पाठवलं, संसदेने परत हाकललं. असं एकदा नाही, अनेकदा झालं.

त्या खासदाराचं नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

आणि हा गडी आपल्याला अजिबात परका नाही. तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता, त्याच्या नावाच्या वास्तूत भगतसिंग शिकले आणि त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारे एकवीस वर्षांचे गांधीजी हजर होते.

सुरवातीपासून बघू.

चार्ल्सचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ चा, पूर्व लंडनमधल्या हॉक्स्टन भागातला. वडील एका वकिलाच्या ऑफिसात कारकून. घरी पैशांची ओढाताण, त्यामुळे अकराव्या वर्षी शाळा सुटली. आधी ऑफिसात निरोप्या म्हणून काम केलं, मग एका कोळसा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागला. गंमत म्हणजे हा मुलगा तेव्हा चांगला देवभक्त होता. इतका की चर्चमध्ये रविवारी लहान मुलांना धर्माचे धडे द्यायचं काम त्याच्याकडे होतं.

गडबड झाली ती अभ्यासामुळे. बिशप येणार होते, त्यांच्यासमोर मुलांची तयारी दाखवायची होती. चर्चच्या पाद्रीबुवांनी चार्ल्सला नीट तयारी करायला सांगितलं. त्याने खरोखरच नीट तयारी केली. इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमं आणि बायबलमधली शुभवर्तमानं समोरासमोर ठेवून वाचली. त्याला वाटलं, काही ठिकाणी यांचा मेळ बसत नाही. त्याने पाद्रीबुवांना पत्र लिहून विचारलं, हे कसं काय, जरा समजावून सांगा.

समजावून सांगितलं असतं तर कदाचित हा लेख लिहायची वेळच आली नसती. पण पाद्रीबुवांनी चार्ल्सच्या आईवडिलांना कळवलं की तुमचा मुलगा नास्तिक व्हायला लागलाय, आणि त्याला तीन महिने शिकवण्याच्या कामावरून दूर केलं. रविवार मोकळे मिळाल्यावर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा काय करणार? जवळच्या मैदानात धर्मावर, राजकारणावर उघड्यावर वादविवाद चालायचे, तिकडे जाऊन उभा राहायला लागला. आधी ऐकायला, मग बोलायला. वाद वाढत गेला आणि पोराने घर सोडलं.

पुढची काही वर्षं उपासमारीची. डोक्यावर कर्ज झालं म्हणून १८५० मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि आयर्लंडला गेला. तिथे गरीब कुळांना घरातून कसं बाहेर काढतात ते त्याने डोळ्यांनी बघितलं. आयर्लंडच्या बाजूने बोलायची त्याची सवय तिथली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा विचित्र हिशेब होणार आहे. १८५३ मध्ये एका नातेवाईक बाईंच्या मृत्यूनंतर घरात थोडे पैसे आले, ते भरून त्याने सैन्यातून सुटका करून घेतली आणि लंडनला परत येऊन वकिलाच्या ऑफिसात नोकरी धरली.

कायद्याची डिग्री नाही, पण कायदा तोंडपाठ. आवाज पहाडी, उंची भरपूर. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी भाषणं. नोकरीवर गदा येऊ नये म्हणून भाषणं टोपणनावाने. मूर्तिभंजक अशा अर्थाचं ते नाव होतं. गावोगावचे लोक दगड मारायचे, हॉलचे मालक ऐनवेळी कुलूप लावायचे. १८६० पासून नॅशनल रिफॉर्मर हे साप्ताहिक आणि १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी ही संस्था. तिचे पहिले अध्यक्ष ब्रॅडलॉच.

आता इथे थोडा कायदा समजून घ्यायला लागेल, कारण सगळी भानगड त्यातच आहे.

त्या काळात कोर्टात साक्ष द्यायची तर देवाची शपथ घ्यावी लागे. देव नाही असं मानणाऱ्याची साक्ष कोर्ट घ्यायचंच नाही. म्हणजे कुणी तुमचे पैसे बुडवले आणि तुम्ही नास्तिक असाल, तर तुम्ही कोर्टात उभं राहून ते सांगूही शकत नव्हता. ब्रॅडलॉंना स्वतःच्या एका पैशाच्या खटल्यात याचा फटका बसला. ते कोर्टात भांडत राहिले. १८६९ आणि १८७० च्या पुराव्याच्या कायद्यांनी नास्तिकांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करून साक्ष द्यायची सोय झाली, त्यात त्यांच्या या भांडणाचा मोठा वाटा होता.

कोर्टाचा प्रश्न सुटला. संसदेचा राहिला.

तिथली गंमत अशी की ब्रिटिश संसदेचं दार एकेका धर्मासाठी एकेकदाच उघडत गेलं होतं. प्रत्येक वेळी शपथेचे शब्द आडवे यायचे. कॅथलिकांना १८२९ मध्ये आत घेतलं. क्वेकर पंथाचे लोक शपथच घेत नाहीत, त्यांच्या पहिल्या खासदाराला १८३३ मध्ये नुसती प्रतिज्ञा करू दिली. ज्यू असलेले लायोनेल रॉथशिल्ड १८४७ पासून निवडून येत होते, पण शपथेत ख्रिश्चन धर्माचे शब्द होते म्हणून अकरा वर्षं बाहेर राहिले. ते १८५८ मध्ये आत बसले. दर वेळी विरोध करणारे तेच सांगायचे की आता या लोकांना आत घेतलं तर संसदेत धर्म उरणार नाही.

ब्रॅडलॉ नॉर्दॅम्प्टनमधून उभे राहायचे. हे बूट बनवणाऱ्या कामगारांचं गाव. १८६८ मध्ये हरले. त्या वेळी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी त्यांच्या प्रचाराला वर्गणी दिली होती, आणि त्याच निवडणुकीत मिल स्वतः वेस्टमिन्स्टरमधून पडले. ती वर्गणी नडली असं मानलं जातं. १८७४ मध्ये ब्रॅडलॉ दोनदा उभे राहिले आणि दोनदा हरले.

मध्येच १८७७ चं प्रकरण झालं. ब्रॅडलॉ आणि ॲनी बेझंट यांनी मिळून संततिनियमनावरचं एक जुनं पुस्तक पुन्हा छापलं. होय, ॲनी बेझंट म्हणजे त्याच, ज्या पुढे भारतात आल्या, होमरूलची चळवळ केली आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. पुस्तक अश्लील ठरवून दोघांना सहा महिन्यांची कैद सुनावली गेली. अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले. पण बेझंट यांच्या मुलीचा ताबा कोर्टाने काढून घेतला. नास्तिक आणि असलं पुस्तक छापणारी बाई मुलीला वाढवायला योग्य नाही, असा एकंदर निष्कर्ष. ब्रॅडलॉंच्या आयुष्यातल्या या काळाकडे बघताना हे विसरता येत नाही की धर्म न मानण्याची किंमत तेव्हा खरोखरची होती. नोकरी जायची, साक्ष जायची, मूल जायचं.

आणि मग १८८० उजाडलं. नॉर्दॅम्प्टनचे दोन खासदार असत. हेन्री लाबूशेर पहिले आले, ब्रॅडलॉ ३८२७ मतं घेऊन दुसरे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या लिबरल पक्षाला बहुमत मिळालं होतं.

३ मे १८८० ला ब्रॅडलॉ सभागृहात टेबलापाशी गेले आणि म्हणाले की मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, कोर्टात मी तेच करतो. त्यांना वाटलं होतं हे दहा मिनिटांत उरकेल. स्पीकर हेन्री ब्रँड यांनी स्वतः निर्णय द्यायचा सोडून प्रश्न सभागृहाकडे ढकलला. समिती बसली. मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या जादा मताने ठरलं की नाही, प्रतिज्ञा चालणार नाही.

बरं, मग ब्रॅडलॉ म्हणाले, ठीक आहे, शपथ घेतो. मतदारांनी पाठवलंय तर कागदावरचे शब्द म्हणतो आणि कामाला लागतो.

इथे त्यांनी एक चूक केली. माझ्या मते ती चूकच. त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं की या शपथेतल्या देवाच्या शब्दांना माझ्या लेखी काही अर्थ नाही, पण शपथेने मी वचनाला मात्र पूर्ण बांधला जाईन. प्रामाणिक माणूस होता, मनात होतं ते लिहिलं. पण विरोधकांना हेच हवं होतं. आता ते म्हणू शकत होते की हा माणूस देवाची शपथ घ्यायला येतोय आणि ती शपथ पोकळ आहे असं आधीच सांगतोय, हा देवाचा अपमान आहे. हे म्हणणारे सगळेच ढोंगी होते असंही नाही. अनेक श्रद्धाळू माणसांना खरोखर वाटत होतं की असली शपथ म्हणजे प्रार्थनेची थट्टा आहे. संसदेचं रोजचं काम तेव्हाही प्रार्थनेनेच सुरू व्हायचं. त्यांच्या लेखी ते सभागृह एका अर्थाने देवासमोर बसलेली मंडळी होती.

पण राजकारणही भरपूर होतं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातल्या चार खासदारांच्या टोळक्याला ग्लॅडस्टनना छळायला आयतंच निमित्त मिळालं. त्यांचे म्होरके लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिल यांचे वडील. ग्लॅडस्टन स्वतः कट्टर धार्मिक, रोज चर्चला जाणारे. पण नास्तिकाच्या हक्काचा प्रश्न आला की त्यांना ब्रॅडलॉंच्या बाजूने बोलावं लागायचं आणि समोरचे बाकं वाजवून मजा घ्यायचे.

कळस असा की नॉर्दॅम्प्टनचे दुसरे खासदार लाबूशेर हेही देवाधर्माच्या बाबतीत तसेच होते. त्यांनी गपचूप शपथ घेतली आणि जाऊन बसले. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सभागृहाने ठराव केला की ब्रॅडलॉंना शपथही घेऊ द्यायची नाही आणि प्रतिज्ञाही करू द्यायची नाही. २३ जूनला त्यांनी बाहेर जायला नकार दिला, तेव्हा त्यांना अटक करून घड्याळाच्या मनोऱ्यातल्या खोलीत नेलं. बिग बेनची घंटा डोक्यावर आणि खाली हा कैदी. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. त्या मनोऱ्यात कोंडला गेलेला हा शेवटचा खासदार.

मग ग्लॅडस्टन यांनी मधला मार्ग काढला. प्रतिज्ञा करा, पण कायदेशीर परिणाम तुमचे तुम्ही बघा. २ जुलैला ब्रॅडलॉ प्रतिज्ञा करून आत बसले आणि मतदान करू लागले. लगेच एकाने खटला भरला. योग्य शपथ न घेता मत दिलं तर दर मतामागे ५०० पौंड दंड असा कायदा होता. त्यांची मतं मोजली तर माणूस देशोधडीला लागला असता. या खटल्याला पैसा पुरवणारा खासदार न्यूडिगेट हा कॅथलिकांचा कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होता. मार्च १८८१ मध्ये निकाल ब्रॅडलॉंच्या विरोधात गेला आणि जागा रिकामी झाली.

पोटनिवडणूक लागली. बूटवाल्यांनी त्यांनाच परत पाठवलं, १३२ मतांनी.

संसदेने परत अडवलं. ३ ऑगस्ट १८८१ ला ब्रॅडलॉ जबरदस्तीने आत शिरायला गेले. बाहेर हजारो लोक जमले होते, त्यांना शांत राहायला सांगून गेले. दारात शिपाई आणि पोलिसांनी त्यांना पकडलं आणि जिन्यावरून फरफटत अंगणात आणून टाकलं. कोट फाटला, हातांना इजा झाली. हा धिप्पाड माणूस चेहरा पांढराफटक पडलेला, धापा टाकत संसदेच्या आवारात उभा होता. त्याने फक्त हाक मारली असती तरी बाहेरचा जमाव आत घुसला असता. त्याने हाक मारली नाही. मला या सगळ्या कथेत ते पाच-दहा मिनिटं सगळ्यात मोठी वाटतात.

फेब्रुवारी १८८२ मध्ये त्यांनी वेगळाच प्रकार केला. सरळ टेबलापर्यंत चालत गेले, खिशातून बायबलचा नवा करार आणि शपथेचा कागद काढला, स्वतःच स्वतःला शपथ दिली, सही केली आणि बाकावर जाऊन बसले. सभागृह अवाक्. त्यांना बडतर्फ केलं. पोटनिवडणूक. परत विजयी, १०८ मतांनी.

१८८३ मध्ये ग्लॅडस्टन यांनी थेट विधेयक आणलं की ज्याला हवी त्याला प्रतिज्ञा करू द्या. त्यांचं त्या वेळचं भाषण त्यांच्या उत्तम भाषणांत गणलं जातं. त्यांचा मुद्दा साधारण असा होता की कुठला तरी देव मान, मग तो कोणता का असेना, एवढीच अट ठेवून तुम्ही धर्माचं रक्षण करत नाही, उलट धर्म स्वस्त करता. विधेयक २९२ विरुद्ध २८९ असं पडलं. फक्त तीन मतं कमी पडली.

आता तो आयर्लंडचा हिशेब. ब्रॅडलॉ आयुष्यभर आयरिश कुळांच्या बाजूने बोलले होते. पण आयरिश कॅथलिक खासदारांपैकी बहुतेकांनी त्यांच्या विरोधात मत दिलं. कॅथलिक कार्डिनल मॅनिंग यांनी तर विधेयकाविरुद्ध मोहीमच उघडली होती. ज्यांच्या वडिलांना चोपन्न वर्षांपूर्वी याच शपथेने बाहेर ठेवलं होतं, तेच आता दारात आडवे उभे राहिले. असं फक्त ब्रिटनमध्येच होतं असं नाही. रेल्वेच्या जनरल डब्यात चढल्यावर आतला माणूस दार लावून घेतो, तेच.

१८८४ मध्ये तोच खेळ आणखी एकदा झाला, या वेळी ते ३६८ मतांनी निवडून आले. म्हणजे बघा, १८८२ मध्ये थोडं घटलेलं मताधिक्य या वेळी चांगलंच वाढलं होतं. सुरवातीला अनेकांना ब्रॅडलॉंची मतं पटत नव्हती, चर्चला जाणारी माणसं होती ती. पण आमचा खासदार कोण हे लंडनमधले लोक ठरवणार का, हा प्रश्न त्यांना बोचायला लागला होता.

शेवट फार साधा झाला. १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रॅडलॉ पुन्हा आले. स्पीकर आता वेगळे होते, आर्थर पील. १३ जानेवारी १८८६ ला नव्या संसदेत सगळे शपथ घेत होते, तेव्हा पील यांनी सांगून टाकलं की नव्या सभागृहाला जुना ठराव लागू नाही, शपथ घ्यायला आलेल्या सदस्याला अडवायचा हक्क मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. ब्रॅडलॉ रांगेत उभे राहिले, शपथ घेतली, सही केली, स्पीकरशी हात मिळवला. संपलं. जे पील यांनी केलं ते ब्रँड यांना १८८० मध्येच करता आलं असतं.

दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉंनी स्वतः विधेयक आणून मंजूर करून घेतलं. आता कुणालाही कोर्टात किंवा संसदेत शपथेऐवजी प्रतिज्ञा करायची मोकळीक मिळाली. फायदा फक्त नास्तिकांना नव्हता. ज्यांचा धर्मच शपथ घेऊ नका म्हणतो, अशा श्रद्धाळू माणसांचाही त्यात विचार होता.

संसदेत बसल्यावर त्यांनी एक विषय धरला, भारत. इतके प्रश्न विचारायचे की लोक त्यांना भारताचे खासदार म्हणायला लागले. १८८९ च्या शेवटी ते फार आजारी पडले. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवला, आणि ते निघाले मुंबईला, काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला. अध्यक्ष विल्यम वेडरबर्न, स्वागत समितीचे प्रमुख फिरोजशहा मेहता. टिळक आणि गोखले दोघंही प्रतिनिधी म्हणून हजर. १८८९ साली बरोबर १८८९ प्रतिनिधी आले होते, हा योगायोग तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मुंबईत जमलेले हिंदू, मुसलमान, पारशी, बहुतेक सगळे आपापल्या देवाला मानणारे. पण त्यांना या देव न मानणाऱ्या पाहुण्याचं काही वावडं वाटलं नाही. परत गेल्यावर त्यांनी भारतातल्या कायदेमंडळांत लोकप्रतिनिधी वाढवण्यासाठी विधेयक मांडलं. सरकारने पुढे स्वतःचा कायदा १८९२ मध्ये केला. तो बघायला ब्रॅडलॉ नव्हते.

जाता जाता एक. लाहोरला ब्रॅडलॉ हॉल आहे. लाला लजपतराय यांचं नॅशनल कॉलेज तिथे भरायचं आणि भगतसिंग त्याच कॉलेजचे विद्यार्थी. हे खरं आहे. पण ब्रॅडलॉ रेल्वेचे कंत्राटदार म्हणून लाहोरला आले आणि इंग्रजांनी हाकलल्यावर रावी नदीत होडी घेऊन राहिले, अशी जी गोष्ट सोशल मीडियावर फिरते ती खोटी आहे. ते भारतात एकदाच आले, मुंबईच्या अधिवेशनासाठी. हॉलला नाव त्यांच्या मृत्यूनंतर दिलं गेलं.

जानेवारी १८९१ मध्ये ब्रॅडलॉ अंथरुणाला खिळले. २७ तारखेला संसदेत ठराव आला की १८८० चा तो बंदीचा ठराव इतिवृत्तातून काढून टाकावा. या वेळी तो मंजूर झाला. ही बातमी घरी पोचली तेव्हा त्यांना काही समजण्याची शुद्ध राहिली नव्हती. ३० जानेवारीला ते गेले.

ब्रुकवुडच्या दफनभूमीत कुठलाही धार्मिक विधी न करता त्यांना पुरलं. लंडनमधले भारतीय मोठ्या संख्येने गेले होते. त्यात मोहनदास गांधीही होते. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की परतताना स्टेशनवर एक नास्तिक मनुष्य एका पाद्रीबुवांना देवावरून उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडत होता आणि पाद्रीबुवा नम्रपणे ऐकून घेत होते. ते बघून गांधीजींची नास्तिकपणाबद्दलची नावड आणखी वाढली. तरीही ज्याला निरोप द्यायला ते गेले होते त्याच्याबद्दलचा आदर होताच.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, दादाभाई नौरोजी लंडनमधून निवडून आले. मुंबईच्या या पारशी गृहस्थाने बायबलऐवजी आपला अवेस्ता हातात धरून शपथ घेतली. कुणी समिती बसवली नाही.

प्रार्थनेचा वाद मात्र ब्रिटनमध्ये अजून संपलेला नाही. इंग्लंडमधल्या बिडफर्ड या छोट्या गावाची नगर परिषद बैठकीच्या सुरवातीला प्रार्थना घ्यायची. एका नास्तिक नगरसेवकाला ते पटलं नाही आणि कोर्टात गेली कोण, तर ब्रॅडलॉंनी १८६६ मध्ये काढलेली नॅशनल सेक्युलर सोसायटी. २०१२ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की बैठकीचा अधिकृत भाग म्हणून प्रार्थना घेण्याचा अधिकार परिषदेला कायद्याने दिलेलाच नाही. कारण मानवी हक्काचं नव्हतं, निव्वळ अधिकाराचं होतं. मग २०१५ मध्ये संसदेने कायदा करून तो अधिकार दिला.

खुद्द संसदेतही रोजचं काम अजून प्रार्थनेनेच सुरू होतं. प्रेक्षकांना तेव्हा आत सोडत नाहीत. सदस्य उभे राहून भिंतीकडे तोंड करतात. यायची सक्ती कुणावर नाही. पण सदस्य साडेसहाशे आणि बसायच्या जागा त्याहून बऱ्याच कमी. जागा राखून ठेवायची रीत अशी की सकाळी बाकावर आपल्या नावाचं कार्ड ठेवायचं आणि प्रार्थनेला हजर राहायचं. जो प्रार्थनेला आला, त्याची जागा दिवसभर पक्की. त्यामुळे बजेटच्या दिवशी प्रार्थनेला गर्दी असते.